मधुमेहींच्या डोळ्यांपुढील चमका, तरंगते ठिपके आणि दृष्टिपटलाचे विकार : एक विवेचन

प्रस्तावना

मधुमेह हा रक्तातील साखरेचा विकार म्हणून ओळखला जात असला, तरी त्याने दीर्घकाळात होणारी हानी ही मुख्यतः रक्तवाहिन्यांची असते. मूत्रपिंड, हृदय, पायांतील मज्जातंतू या सर्व ठिकाणी ती आतल्या आत घडत राहते आणि तिचा अंदाज रक्त-लघवीच्या तपासण्यांवरून बांधावा लागतो. कोणतीही चिरफाड न करता सूक्ष्म रक्तवाहिन्या प्रत्यक्ष पाहता येतील असे शरीरातील जवळजवळ एकमेव ठिकाण म्हणजे डोळ्याच्या आतला पडदा, अर्थात दृष्टिपटल. असे असूनही मधुमेही व्यक्तीची साखर वर्षातून अनेकदा मोजली जाते, पडदा मात्र वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार २०२१ साली देशात मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख होती. प्रौढांमधील प्रमाण शहरी भागात १६.४ टक्के, तर ग्रामीण भागात ८.९ टक्के आढळले. महाराष्ट्राचा समावेश या पाहणीच्या पहिल्याच टप्प्यात होता व २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आकड्यांत राज्याचे प्रमाण ८.४ टक्के होते. डोळ्यांपुरते बोलायचे तर दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. राजेंद्र प्रसाद नेत्रविज्ञान केंद्राने २०१५ ते २०१९ या काळात केलेली राष्ट्रीय पाहणी महत्त्वाची आहे. पन्नाशीपुढील लोकांपैकी ११.८ टक्के मधुमेही, त्या मधुमेहींपैकी १६.९ टक्क्यांच्या दृष्टिपटलावर विकाराच्या खुणा आणि ३.६ टक्क्यांची दृष्टी धोक्यात, असे तिचे सार आहे.

हे आकडे गावाच्या मापाने वाचले म्हणजे अधिक बोलके होतात. हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील हट्टा हे गाव घ्यावे आणि तेथील पन्नाशी ओलांडलेली एक हजार माणसे कल्पावीत. राष्ट्रीय प्रमाण तेथेही लागू पडते असे मानल्यास त्यांतील सुमारे ११८ जणांना मधुमेह असेल, २० जणांचा पडदा बिघडू लागलेला असेल आणि चार जण दृष्टी गमावण्याच्या उंबरठ्यावर असतील. त्या चौघांना ते ठाऊक असेल काय, हा खरा प्रश्न आहे.

डोळ्यांपुढे क्षणिक प्रकाश चमकणे आणि काळे ठिपके तरंगताना दिसणे या दोन लक्षणांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. ही लक्षणे म्हणजे मधुमेहजन्य दृष्टिपटलविकाराची पहिली सूचना, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. वस्तुतः ती बहुधा शेवटच्या सूचनांपैकी असतात, आणि कित्येकदा तीही मिळत नाही.

चमक आणि ठिपका : डोळ्याच्या आत काय घडते

डोळ्याचा गोल सुमारे २४ मिलिमीटर व्यासाचा असून त्याचा चार-पंचमांश भाग एका पारदर्शक, मुरंब्याच्या पाकासारख्या दाट पदार्थाने भरलेला असतो. त्यास काचाभ द्रव म्हणतात. त्यात ९८ ते ९९ टक्के पाणीच असते. उरलेल्या अल्पशा भागातील कोलॅजेनचे सूक्ष्म धागे त्यास घट्टपणा देतात. बालपणी हा द्रव दृष्टिपटलाला सर्व बाजूंनी चिकटून असतो. वय वाढते तसा तो आतून पातळ होत जातो, धाग्यांच्या गुठळ्या होतात आणि त्या गुठळ्यांची सावली पडद्यावर पडते. निरभ्र आकाशाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे पाहताना केस, माशी, कोळ्याचे जाळे असे जे काही तरंगताना दिसते, ते बाहेर नसते. ती डोळ्याच्या आतल्या वस्तूची सावली असते. म्हणूनच नजर वळवली की ते सरकते आणि नजर थांबली तरी क्षणभर पुढे वाहत जाते.

या दृश्याला माशीची उपमा देण्याचा मोह सर्वच भाषांना झालेला दिसतो. लॅटिनमधील जुन्या वैद्यकीय संज्ञेचा अर्थ 'उडत्या माश्या' असाच आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात तिमिर रोगाच्या वर्णनात माश्या, डास, केस आणि जाळी दिसण्याचा उल्लेख येतो, आणि रोग डोळ्याच्या एका पटलातून दुसऱ्या पटलात उतरतो अशी मांडणीही तेथे आहे. मधुमेह हे नावही त्याच परंपरेतले. परंतु या दोहोंचा संबंध त्या काळी जोडला गेला होता असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. डोळ्याच्या आत डोकावण्याचे साधनच नव्हते. ते हेल्महोल्त्झने १८५१ साली जगापुढे ठेवले, आणि मधुमेह्याच्या पडद्यावरील डाग युरोपातील वैद्यांना दिसू लागले ते त्यानंतर.

चमकेचे कारण ठिपक्याहून वेगळे आहे. पातळ झालेला काचाभ द्रव साठीच्या आसपास दृष्टिपटलापासून सुटू लागतो. सुटताना तो जेथे घट्ट चिकटलेला असतो तेथे पडद्याला ओढ बसते. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही. त्याला फक्त प्रकाशाची भाषा येते. त्याला डिवचले, दाबले, ओढले तरी मेंदूकडे जाणारा निरोप एकच असतो, तो उजेडाचा. मराठीत कंबरेत भरते तीही चमक आणि डोळ्यापुढे दिसते तीही चमक. इतर अवयव ओढ बसली की वेदनेची चमक देतात, दृष्टिपटल प्रकाशाची देते. अंधाऱ्या खोलीत मान किंवा नजर वळवताना डोळ्याच्या कडेला विजेसारखी रेघ उमटते ती याच कारणाने. डोक्याला मार बसल्यावर 'काजवे चमकतात' त्यामागेही दृष्टिज्ञानाच्या यंत्रणेला बसलेला धक्काच असतो.

निरोगी व्यक्तीत ही प्रक्रिया बहुधा निर्धोक असते. परंतु सर्वांत नव्हे. अचानक चमका आणि ठिपके सुरू झालेल्या व काचाभ द्रव सुटू लागलेल्या रुग्णांपैकी साधारणतः सातांत एकाच्या पडद्याला चीर पडलेली आढळते. त्या चिरेतून पाणी मागे शिरले तर पडदा सुटतो. म्हणून नव्याने सुरू झालेल्या चमका, एकाएकी वाढलेले ठिपके किंवा दृष्टीच्या कडेने सरकत येणारी काळी छाया ही मधुमेह असो वा नसो, एक-दोन दिवसांत नेत्रतज्ज्ञाकडे जाण्याची लक्षणे आहेत. याउलट, दहा वर्षांपासून दिसणारा एखादा ओळखीचा ठिपका काळजीचा नसतो. दोन्ही डोळ्यांत वीस-तीस मिनिटे टिकणाऱ्या नागमोडी रेषा बहुधा अर्धशिशीच्या असतात, आणि साखर उतरली असता येणारी अंधारी ही निराळीच गोष्ट होय. मधुमेही व्यक्ती पुष्कळदा या सर्वांना 'शुगर कमी-जास्त झाली' या एकाच वाक्यात बसवते आणि साखर खाऊन किंवा गोळी वाढवून स्वस्थ राहते.

मधुमेहात वेगळे काय होते

दृष्टिपटल हे शरीरातील प्राणवायूचा सर्वाधिक वापर करणाऱ्या ऊतींपैकी एक आहे. त्याला रक्त पुरवणाऱ्या केशवाहिन्यांच्या भिंतींना बाहेरून आधार देणाऱ्या पेशी असतात. साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की या आधारपेशी मरू लागतात व भिंत जागोजागी फुगते. मोहरीहूनही कितीतरी लहान असे हे लाल फुगवटे ही विकाराची दिसू शकणारी पहिली खूण. पुढे त्यांतून रक्त व स्निग्ध द्रव झिरपतो. या अवस्थेत रुग्णास काहीही जाणवत नाही. तो वर्तमानपत्र वाचतो, सुईत दोरा ओवतो, रात्री मोटारसायकल चालवतो.

झिरपलेला द्रव पडद्याच्या मध्यभागी, म्हणजे पीतबिंदूवर साठला तर नजर मंद होते, सरळ ओळ वाकडी दिसते. पण तेव्हाही चमक नसते, ठिपका नसतो. कामकरी वयातील मधुमेह्यांची नजर अधू होण्याचे हे प्रमुख कारण आहे आणि लेखाच्या शीर्षकातील दोन्ही लक्षणे त्यात अनुपस्थित असतात, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. शिवाय एक डोळा मंदावला तरी दुसरा त्याची उणीव भरून काढतो. एका हाताने एक डोळा झाकून पाहिल्याशिवाय रुग्णाला पत्ताच लागत नाही.

विकाराची पुढची पायरी म्हणजे केशवाहिन्या बंद पडणे. उपासमार झालेले दृष्टिपटल नव्या रक्तवाहिन्यांची मागणी करणारा एखादा पदार्थ सोडत असावे, असे अनुमान आयझॅक मायकेलसन यांनी १९४८ साली मांडले होते. तो पदार्थ म्हणजे रक्तवाहिन्यांच्या वाढीस चालना देणारे एक प्रथिन असल्याचे मधुमेही रुग्णांच्या डोळ्यांतील द्रवात १९९४ साली दाखवले गेले. या मागणीतून उगवणाऱ्या वाहिन्या मात्र कामाच्या नसतात. त्या ठिसूळ असतात आणि पडद्यातून बाहेर पडून काचाभ द्रवाच्या मागील पृष्ठभागावर, मांडवावर चढणाऱ्या वेलीप्रमाणे पसरतात.

येथे वर वर्णन केलेली वार्धक्यातील साधी प्रक्रिया आणि मधुमेह यांची गाठ पडते. मधुमेही डोळ्यात काचाभ द्रव तुलनेने लवकर पातळ होतो, पण वेलीच्या मुळांनी धरून ठेवल्याने पूर्णपणे सुटत नाही. अर्धवट सुटलेला द्रव या ठिसूळ वाहिन्यांना ओढतो, त्या फाटतात आणि रक्त आत सांडते. रुग्ण सांगतो : सकाळी उठलो तर डोळ्यापुढे काजळीचे धागे, धूर, लाल-काळे जाळे. असा रक्तस्राव झोपेतही होतो. त्यास जड ओझे उचलावेच लागते असे नाही. म्हणजे मधुमेही नसलेल्याच्या डोळ्यातील ठिपका ही बहुधा धाग्याची सावली असते, तर मधुमेह्याच्या डोळ्यात एकाएकी आलेला ठिपक्यांचा झुबका हे रक्त असण्याची शक्यता मोठी असते. ज्यांचा काचाभ द्रव विकार बळावण्यापूर्वीच पूर्ण सुटलेला असतो, त्यांच्यात या वेलीला मांडवच मिळत नाही, आणि अशा डोळ्यांचे पुष्कळदा निभावते. निसर्गाचा हा एक विचित्र न्यायच म्हणावा लागेल.

याहूनही फसवी अवस्था पुढे आहे. नव्या वाहिन्यांबरोबर तंतुमय पदर तयार होतो, तो आकसतो आणि दृष्टिपटलाला हळूहळू ओढून भिंतीपासून सोडवतो. ओढ इतकी संथ असते की चमक बहुधा होतच नाही. पीतबिंदू सुटेपर्यंत रुग्ण 'बरे दिसते' असेच सांगतो. तात्पर्य इतकेच की चमक किंवा ठिपके नसणे हा मधुमेह्याच्या पडद्याचा निरोगीपणा सिद्ध करणारा पुरावा नव्हे, आणि ते असणे ही थांबून पाहण्याची बाब नव्हे.

मोतीबिंदूची सवय

मराठवाड्यातील खेड्यात म्हाताऱ्या माणसाची नजर मंदावली म्हणजे मोतीबिंदू, हे समीकरण पक्के आहे, आणि ते निराधारही नाही. भारताने १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. असा कार्यक्रम हाती घेणारा तो जगातील पहिला देश मानला जातो. पुढील दशकांत त्याची सारी शक्ती मोतीबिंदूवर लागली आणि यश मिळाले. लातूर जिल्ह्यातील माकेगावी जन्मलेल्या डॉ. तात्याराव लहाने यांचे नाव मराठवाड्यात घरोघर पोचले ते मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांमुळेच. शिबिरे, शस्त्रक्रियेच्या याद्या, काळे चष्मे, परतीच्या गाड्या हे सर्व तंत्र लोकांच्या परिचयाचे झाले.

या यशाची एक बाजू मात्र दुर्लक्षित राहिली. मोतीबिंदूने लोकांना थांबायला शिकवले. 'अजून पिकला नाही' हा शब्दप्रयोग शेतकऱ्याच्या तोंडी सहज बसतो; पीक पिकेपर्यंत धीर धरायचा हा त्याचा स्वभाव आहे. जुन्या शस्त्रक्रियेत तसे थांबणे आवश्यकही होते, आज ते नाही; पण सवय उरली आहे. मोतीबिंदूत नेत्रभिंग धूसर होते व ते बदलता येते, त्यामुळे सहा महिने उशीर झाला तरी बहुतेकांची गेलेली नजर परत मिळते. दृष्टिपटल बदलता येत नाही. ते मेंदूचाच पुढे आलेला भाग आहे आणि त्याची मेलेली पेशी परत येत नाही. एकच वाक्य, 'थोडे दिवस पाहू', एका रोगात निरुपद्रवी आणि दुसऱ्यात घातक ठरते. त्यात 'पडदा' या शब्दाने घोळ वाढतो. 'डोळ्यावर पडदा आला' म्हणजे मोतीबिंदू आणि 'पडदा सुटला' म्हणजे दृष्टिपटल, हा भेद ऐकणाऱ्याला उमगतोच असे नाही.

दुसरा अडसर समजुतीचा आहे. मधुमेह हा बसून खाणाऱ्या, सुटलेल्या पोटाच्या शहरी माणसाचा आजार असे अद्यापही मानले जाते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासह २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये दोघांचे शेजारी उभे असलेले छायाचित्र प्रसिद्ध केले होते. दोघांचा शरीरभार निर्देशांक तंतोतंत २२.३, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. सडपातळ दिसणारा भारतीय आतून मेदयुक्त असू शकतो, हे त्या एका चित्राने दाखवले. हळदीच्या शेतात राबणारा काटक माणूस स्वतःस या रोगापासून दूर समजतो, आणि त्याचे निदान उशिरा होते. टाइप २ प्रकारात निदानाच्या दिवशीच काहींच्या पडद्यावर डाग आढळतात, कारण रोग प्रत्यक्षात काही वर्षे आधी सुरू झालेला असतो. म्हणूनच या प्रकारात निदान होताच आणि टाइप १ प्रकारात पाच वर्षांच्या आत पहिली नेत्रतपासणी व पुढे साधारणतः दरवर्षी एक, असा नियम आहे. मधुमेही स्त्री गरोदर राहिल्यास पहिल्या तीन महिन्यांतच पडदा पाहून घ्यावा लागतो, कारण गरोदरपणात विकार वेगाने वाढू शकतो. (हळदीच्या प्रदेशात हेही लिहिणे भाग आहे की हळद खाल्ल्याने किंवा डोळ्यात मध, दूध घातल्याने दृष्टिपटलापर्यंत काही पोचत नाही.)

उपचारांविषयी

उपचारांचा इतिहास रंजक असला तरी येथे त्याचा धावता उल्लेख पुरे. १९४५ सालचे सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहून पडदा भाजलेला एक विद्यार्थी गेर्ड मायर-श्विकेराट या जर्मन वैद्याच्या पाहण्यात आला, आणि प्रकाशाने पडद्यावर मोजून-मापून डाग देता येईल ही कल्पना त्यांना सुचली. पुढे लेसर आले. अमेरिकेतील मोठ्या चाचणीने १९७६ साली दाखवून दिले की नव्या वाहिन्या वाढलेल्या डोळ्यात पडद्याच्या कडेच्या भागावर लेसर दिल्यास तीव्र दृष्टिनाशाचा धोका निम्म्याहून अधिक घटतो. काचाभ द्रव व साचलेले रक्त काढून टाकण्याची बंद शस्त्रक्रिया रॉबर्ट मॅकमर यांनी १९७० च्या सुमारास विकसित केली. आता नव्या वाहिन्यांना चालना देणारे प्रथिन निष्प्रभ करणारी इंजेक्शने डोळ्यात देता येतात आणि पीतबिंदूवरील सुजेत ती लेसरहून सरस ठरली आहेत.

लेसरविषयी ग्रामीण भागात जी नाराजी ऐकू येते तिचे मूळ अपेक्षेत आहे. लेसरने नजर वाढत नाही, उरलेली टिकते. कडेचा काही भाग जाणीवपूर्वक जाळून मध्यभाग वाचवण्याचा तो सौदा आहे, त्यामुळे रात्रीची व कडेची दृष्टी थोडी कमीही होते. हे आधी सांगितले गेले नाही तर 'लेसर केले आणि नजर गेली' अशी वार्ता गावभर होते आणि पुढचे दहा रुग्ण जात नाहीत.

इंजेक्शनांची अडचण निराळी आहे. नव्या वाहिन्यांवरील उपचारात ती लेसरपेक्षा कमी पडत नाहीत, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. परंतु त्यांचा प्रभाव काही आठवड्यांत ओसरतो व ती पुन्हापुन्हा घ्यावी लागतात. मध्येच सहा महिन्यांहून अधिक काळ येणे थांबवलेल्या रुग्णांचा अभ्यास अमेरिकेत २०१९ साली प्रसिद्ध झाला. केवळ इंजेक्शने घेतलेल्यांचा पडदा ओढला जाऊन सुटण्याचे प्रमाण लेसर घेतलेल्यांपेक्षा स्पष्टपणे अधिक होते. हट्ट्याहून परभणीला किंवा नांदेडला दरमहा जाणे, सोबत एक माणूस नेणे, दोघांची मजुरी बुडवणे हे ज्याला हळद काढणीच्या दिवसांत जमणार नाही, त्याच्यासाठी कोणता उपचार योग्य, याचे उत्तर केवळ औषधाच्या गुणवत्तेवर ठरत नाही. येणे चुकणार हे गृहीत धरून एकदा दिलेले व टिकणारे लेसर अशा रुग्णास अधिक हितकारक ठरू शकते.

साखर, रक्तदाब आणि मूत्रपिंड यांची काळजी हा या सर्वांचा पाया होय. टाइप १ मधुमेह्यांवरील १९९३ च्या अमेरिकन चाचणीत काटेकोर साखरनियंत्रणाने हा विकार उद्भवण्याचे प्रमाण ७६ टक्क्यांनी घटले होते. मात्र दीर्घकाळ वाढलेली साखर एकदम खाली आणल्यास आधीच बिघडलेला पडदा काही काळ अधिक बिघडू शकतो, हे त्याच चाचणीत दिसले. म्हणून उपचार बदलताना डोळे तपासून घेणे शहाणपणाचे.

पडद्याचे छायाचित्र

नेत्रतज्ज्ञ प्रत्येक गावी पोचू शकत नाही. पडद्याचे छायाचित्र मात्र प्रवास करू शकते. इंग्लंडने २००३ पासून मधुमेह्यांच्या पडद्याचे छायाचित्र नियमितपणे घेण्याची राष्ट्रीय योजना उभारली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, इंग्लंड-वेल्समध्ये किमान पाच दशकांत प्रथमच हा विकार कामकरी वयातील नोंदणीकृत अंधत्वाचे पहिल्या क्रमांकाचे कारण राहिला नाही. औषध जुनेच होते. रुग्ण वेळेत सापडू लागला.

महाराष्ट्रात या दिशेने झालेला उल्लेखनीय प्रयोग मुंबईचा आहे. डॉ. एस. नटराजन यांच्या आदित्य ज्योत संस्थेने झोपडपट्ट्यांतील मधुमेह्यांची मोठी पाहणी केली होती, त्यात सुमारे १५ टक्क्यांच्या पडद्यावर विकार आढळला. त्यानंतर महापालिकेच्या दवाखान्यांत आरोग्यसेविकेने भ्रमणध्वनीला जोडलेल्या कॅमेऱ्याने छायाचित्र काढायचे आणि त्याच भ्रमणध्वनीतील कृत्रिम बुद्धिमत्तेने, आंतरजाल नसतानाही, निकाल द्यायचा, असा अभ्यास झाला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात २१३ रुग्णांपैकी तज्ज्ञाकडे पाठवणे आवश्यक असलेला एकही सुटला नाही, आणि ज्यांना गरज नव्हती त्यांपैकी ८८.४ टक्क्यांना यंत्राने बरोबर बाजूला काढले. यातील पहिला निकाल ऐकून हुरळून जाऊ नये. पाठवण्यायोग्य रुग्ण त्यात अवघे १५ होते, आणि इतक्या लहान संख्येवर शंभर टक्के हा आकडा नाजूक असतो. परंतु तज्ज्ञ आणि आंतरजाल दोन्ही नसलेल्या ठिकाणी प्राथमिक गाळणी होऊ शकते, एवढे त्याने निश्चित दाखवले. हिंगोली जिल्ह्याला हे तंत्र मुंबईहून अधिक उपयोगाचे आहे. परभणीला २०२३ व हिंगोलीला २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाल्याने छायाचित्र पाठवण्याचा पत्ताही आता जवळ आला आहे.

महाविद्यालयीन शिबिरे आणि नेत्रतपासणी

ग्रामीण महाविद्यालयांचा या विषयाशी थेट संबंध राष्ट्रीय सेवा योजनेच्या विशेष शिबिरांतून येतो. दत्तक गावातील सात दिवसांच्या शिबिरात एक दिवस नेत्रतपासणीचा असतो. रुग्ण रांगेत उभे राहतात, अक्षरांचा तक्ता वाचतात, विजेरीने मोतीबिंदू पाहिला जातो, चष्म्याचे क्रमांक लिहून दिले जातात. मोतीबिंदू व चष्मा या दोहोंसाठी ही पद्धत पुरेशी आहे. मधुमेह्यासाठी ती अपुरीच नव्हे तर दिशाभूल करणारी ठरू शकते. तक्त्यावरची शेवटची ओळ वाचणाऱ्याच्या कार्डावर 'दृष्टी सामान्य' असा शेरा पडतो. त्या डोळ्यात नव्या वाहिन्या फुटलेल्या असू शकतात. शेरा मिळाल्यावर तो माणूस पुढील दोन वर्षे कोठेही जात नाही. शिबिर न होता तर कदाचित गेला असता. शिवाय साखर वर-खाली होत असताना नेत्रभिंगात पाणी शिरून चष्म्याचा क्रमांक बदलतो. त्या दिवशी दिलेला चष्मा महिन्याने निरुपयोगी होतो.

यात बदल करणे खर्चाचे नाही, क्रमाचे आहे. नोंदणीच्या मेजावरच मधुमेह आहे काय, किती वर्षांपासून, पडदा कधी पाहिला आहे काय, आणि अलीकडे चमका किंवा ठिपके दिसू लागले काय, एवढे स्वयंसेवकाने विचारून लिहावे. तिशीपुढच्या ज्यांनी साखर कधीच तपासली नाही त्यांची बोटातील थेंबावर तपासणी करावी. मधुमेह्यांची रांग वेगळी काढून त्यांच्या कार्डावर दृष्टीचा शेरा न देता 'पडदा पाहणे बाकी' असे लिहावे. बाहुली मोठी करणारे थेंब नेत्रतज्ज्ञाने किंवा प्रशिक्षित नेत्रचिकित्सा अधिकाऱ्याने डोळा पाहूनच घालावेत, कारण काही अरुंद डोळ्यांत त्यांनी दाब वाढू शकतो. थेंबांचा परिणाम व्हायला २० ते ३० मिनिटे लागतात व नंतर चार-सहा तास जवळचे धूसर दिसते, उजेड सोसत नाही. म्हणून मधुमेह्यांना सकाळच्या पहिल्या सत्रात बोलवावे, घरचे एक माणूस सोबत आणण्याची सूचना आदल्या दिवशीच्या दवंडीत द्यावी आणि परतताना मोटारसायकलची किल्ली त्या सोबत्याच्या हाती असल्याची खात्री स्वयंसेवकाने करून घ्यावी. ज्यांना नव्याने चमका सुरू झाल्या असतील त्यांनी शिबिराच्या समारोपाची वाट पाहू नये. त्यांना त्याच दिवशीच्या गाडीने परभणी किंवा नांदेडला रवाना करावे.